सर्जरीत मुली आहेत, पण ओटीची लिस्ट कोण लावतं?

प्रश्न साताऱ्याकडच्या एका इंटर्न मुलीचा आहे. थोडक्यात असा: "मॅडम, मला जनरल सर्जरी घ्यायचीय. घरचे म्हणतात गायनॅक घे, नाहीतर स्किन घे. आमच्या सर्जरी डिपार्टमेंटला एकही लेडी प्रोफेसर नाही, युनिट हेड सगळे सर. बायका सर्जरीत वर का दिसत नाहीत? आणि मी घेतली तर मी तरी वर जाईन का?"

आधी कोण बोलतंय ते सांगते. मी जनरल सर्जन, एमएस नव्वदच्या दशकात एका सरकारी कॉलेजात केलं, मग तिथंच लेक्चरर, मग लग्न होऊन सांगलीत आले, मधली बरीच वर्षं एका मेडिकल कॉलेजात युनिट चालवलं आणि आता मिरजेत स्वतःचं काम आहे. मिरज तुला माहितीच असेल, १८९४ ला वानलेस साहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून अथणी-चिकोडीपासून जत-आटपाडीपर्यंतचा पेशंट इथं येतोय, स्टेशनवर उतरून नुसतं दवाखाना म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, हाडाचा का पोटाचा. अशा गावात मी बोर्ड लावला तेव्हा पहिले सहा महिने येणारी प्रत्येक बाई बाहेरून विचारून जायची, डिलिव्हरी करता का. आणि पुरुष पेशंट आत येऊन, माझ्यासमोर बसून, सगळं ऐकून घेऊन शेवटी विचारायचा, "बरं, आप्रेशन कोण करणार?"

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ह्याचं नेहमीचं उत्तर म्हणजे लग्न आणि पोरं. ते अर्धं खरं आहे आणि त्यावर पुढं बोलतेच, पण मला विचारशील तर खरी गोष्ट वेगळीच आहे. सर्जरीत माणूस मोठा होतो तो खुर्चीवर बसून नाही, हातातनं किती केसेस गेल्या त्यावर. आणि हातात केस कुणाच्या जाणार हे ठरतं आदल्या दिवशी संध्याकाळी, ओटीच्या म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या लिस्टवर. पेशंटचं नाव, निदान, ऑपरेशन, भूल कसली, सर्जन कोण, असिस्टंट कोण. एक साधा कागद असतो. तो कागद ज्याच्या हातात तो डिपार्टमेंटचा खरा मालक, एचओडीच्या म्हणजे विभागप्रमुखाच्या दारावर पाटी कुणाची का असेना. बायका वर दिसत नाहीत कारण वीस वर्षं आधी त्या कागदावर त्यांचं नाव असिस्टंटच्या रकान्यात पडत राहिलेलं असतं, आणि कुणी ते मुद्दाम वाईटपणानं करत नाही, हीच तर गंमत.

हायड्रोसीलचं, म्हणजे अंडकोशात पाणी भरतं त्याचं, उदाहरण देते, हसू नकोस. मी फर्स्ट इयर रेसिडेंट, म्हणजे एमएसच्या पहिल्या वर्षाला, सर्जिकल ओपीडी, आटपाडीकडचे एक आजोबा धोतर सावरत आले. तपासायला पडदा ओढला तर आजोबा पडद्याच्या बाहेर! "पोरीसमोर न्हाई काढायचो मी." आमचे लेक्चरर हसले, बरोबरच्या मुलाला म्हणाले तू बघ, आणि मला म्हणाले तू ड्रेसिंगच्या लायनीला बस. माझी लाज वाचवली असंच त्यांना वाटलं, मलाही तेव्हा बरंच वाटलं. पण नियम साधा असतो, जो पेशंट ओपीडीत बघेल, ॲडमिट करेल, तपासण्या करून तयार करेल, केस त्याची. मग तीन वर्षं हर्निया, हायड्रोसील, मुतखड्याचे पुरुष पेशंट आपोआप मुलांकडे आणि माझ्याकडे ब्रेस्टच्या गाठी, बायकांची मूळव्याध, गळवं. आता हर्निया म्हणजे रेसिडेंटची बाराखडी आहे, थर कसे उघडायचे, नस कशी वाचवायची, टाका कुठं किती घट्ट, सगळं तिथं शिकतो आपण. माझ्या बॅचच्या मुलाचा हात हर्नियावर बसला तेव्हा मी अजून असिस्टंट म्हणून रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचा आकडा, ओढत होते. थर्ड इयरला मोठ्या केसेस वाटल्या जातात तेव्हा चीफ काय बघणार, हात कुणाचा बसलाय. त्यांनी अन्याय केला असं म्हणताच येत नाही, त्यांनी हातच बघितला! आणि लक्षात घे, पुरुष गायनॅककडे बायका गेली शंभर वर्षं तपासून घेताहेत, तिथं कुणी पेशंट बदलून देत नाही.

मग माझं मी शोधून काढलं. पडद्याआड जायचं, आजोबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं, गावाचं नाव विचारायचं, पाऊस झाला का, डाळिंब कसंय, आणि बोलता बोलता "काका, रोज असली वीस बघते मी, तुमचं काय नवीन नाही" असं सांगून टाकायचं. दहातले नऊ लगेच तयार व्हायचे. दहावा नसेल होत तर त्याचा मान ठेवायचा. पण हे कुणी शिकवलं नाही, आणि ते कळेपर्यंत वर्षं गेली.

हा "बायकांची डॉक्टर" प्रकार आजचा नाही बरं का. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या बायकोच्या नावानं डफरिन फंड निघाला, हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळाव्यात म्हणून, कारण पडद्यातली बाई पुरुषाला नाडीसुद्धा दाखवत नव्हती. चांगलंच काम झालं त्यातनं, जनाना दवाखाने झाले, बायकांना डॉक्टर होण्यासाठी वाट मिळाली. पण त्या वाटेला दारही तेवढंच होतं. आपल्या आनंदीबाई जोशी, १८८६ ला अमेरिकेतनं डॉक्टर होऊन निघाल्या, त्यांना नोकरी कुठली आली होती तर इथनं तासाभरावरच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, स्त्रियांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून. बिचारी रुजूच होऊ शकली नाही, १८८७ च्या फेब्रुवारीत गेली. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या त्या सुरतेला, बायकांच्याच दवाखान्यात. म्हणजे बाई डॉक्टरला प्रमुखपद द्यायला आपला समाज तेव्हाही तयार होता, फक्त फिमेल वॉर्डाचं. सव्वाशे वर्षांनी माझ्या युनिटमध्ये "फिमेल सर्जिकल मॅडम बघतील" असं वाक्य ऐकलं की मला कोल्हापूरच आठवायचं.

गायनॅकला मी कमी लेखत नाहीये हां. सिझेरियन, हिस्टरेक्टमी ही काय छोटी ऑपरेशनं आहेत का, रात्री तीनला रक्तस्राव थांबवणारी बाई कुठल्याही सर्जनच्या तोडीची असते, आणि सांगली-साताऱ्यात स्वतःच्या नावावर हॉस्पिटल चालवणाऱ्या बायका बघशील तर बहुतेक गायनॅकच्याच. तिथं त्या पुढं गेल्या कारण पेशंट त्यांना पहिल्यापासून ऑपरेशन करणारी बाई म्हणूनच ओळखतो. घरचे गायनॅक घे म्हणतात त्यात त्यांचा हिशोब चुकीचा नाही. फक्त आवड नसेल तर घेऊ नकोस, कारण झोप तिथंही नाही.

बाहेरच्या जगात फार उजेड आहे असं समजू नकोस. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं पहिली बाई फेलो करून घेतली १९११ मध्ये, एलेनॉर डेव्हिस-कोली, आणि पहिली बाई अध्यक्ष झाली २०१४ मध्ये, क्लेअर मार्क्स, तीही हाडाची सर्जन! मधे शंभरावर वर्षं. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स १९१३ चं, तिथं पहिली बाई अध्यक्ष २००५ ला, कॅथरिन अँडरसन, लहान मुलांची सर्जन. आपल्याकडं टी. एस. कनका बाईंनी मद्रासमध्ये १९६८ ला न्यूरोसर्जरीची पदवी घेतली, आशियातल्या पहिल्या बाई न्यूरोसर्जनांपैकी एक, मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं काम त्यांनी त्या काळात केलं, आणि तुझ्या कॉलेजात किती जणांना त्यांचं नाव माहितीय विचारून बघ. दिल्लीच्या एम्सला १९८४ मध्ये स्नेह भार्गव डायरेक्टर झाल्या, त्या रेडिऑलॉजीच्या. एक्स-रे वाचणारी बाई संस्था चालवू शकते हे चाळीस वर्षांपूर्वी मान्य झालं, कापणाऱ्या बाईचं मात्र अजून ठरायचंय.

आता वयाचा हिशोब मांडू. एमबीबीएस आणि इंटर्नशिप साडेपाच वर्षं, मग नीट पीजी ह्या प्रवेश परीक्षेचं एखादं वर्ष जातंच, एमएस तीन वर्षं, एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, चार वर्षांनी असोसिएट, त्यात पेपर छापलेले पाहिजेत, आणखी तीन वर्षांनी प्रोफेसर. एकही दिवस वाया न घालवता, जागा मोकळी असेल तर, पस्तिशी ओलांडून प्रोफेसर. एमसीएच, म्हणजे सर्जरीतली पुढची सुपरस्पेशालिटी, केलंस तर आणखी तीन. आणि हीच दहा वर्षं घरचे कुठल्या कामासाठी राखून ठेवतात ते तुला सांगायला नको. बरं, सरकारी नोकरीत प्रमोशनबरोबर बदली येते. मुलगा असेल तर बॅग उचलतो, बायको-पोरं मागनं येतात किंवा सांगलीतच राहतात. बाई असेल तर घरात बैठक भरते. माझ्याबरोबरची एक, माझ्यापेक्षा हात चांगला, तिनं दोनदा प्रमोशन सोडलं, मुलगा दहावीला होता एकदा आणि सासरे पॅरालिसिसनं पडले एकदा. आज लोक म्हणतात तिला ॲम्बिशनच नव्हती.

मॅटर्निटीचं कायद्यात आता बरंय, २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवडे झाले, पीजीच्या मुलींनाही सरकारी नियमानं रजा मिळते, हजेरी भरली नाही तर टर्म पुढं जाते एवढंच. रजा मिळते, बदली माणूस मिळत नाही, दुखणं ते आहे. सहा जणांच्या युनिटमधली एक गेली की तिच्या इमर्जन्सी उरलेल्या पाच जणांच्या डोक्यावर, ते आधीच छत्तीस तास उभे असतात, मग ते चिडणार कुणावर? सिस्टिमवर कोण चिडतं, समोरच्या पोटावर चिडतात. मी आठव्या महिन्यापर्यंत टेबलाला उभी होते, पोट टेबलाला टेकायचं म्हणून तिरकी उभी राहायचे, आणि परत आले तेव्हा माझी लॅपरोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनांची, पोस्टिंग दुसऱ्याला गेलेली. "तुझं बाळ लहान आहे ना, कशाला दगदग." लॅपरोस्कोपी तेव्हा नवीन नवीन, ज्याचा हात आधी बसला तो पुढं दहा वर्षं त्या गावचा लॅपरोस्कोपीवाला. दगदगीतनं मला वाचवलं खरं, पण तेवढ्यात गाडी सुटली ती सुटलीच. नंतर स्वतःच्या पैशानं, नवऱ्याला आणि सासूबाईंना पोराजवळ ठेवून पुण्याला जाऊन शिकले. सासूबाईंचं नाव इथं घेतलंच पाहिजे म्हणजे उपकार मानले पाहिजेत, सातवी शिकलेली बाई पण मला कधी "आज कशाला जातीस" म्हणाली नाही.

आता प्रायव्हेटचं. तू म्हणशील कॉलेजची भानगड नको, आपला बोर्ड आपण लावू. पण प्रायव्हेट सर्जरी चालते रेफरन्सवर. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, पलूसचा जनरल प्रॅक्टिशनर पोटात दुखणारा पेशंट कुणाकडं पाठवतो त्यावर. तो ज्याला ओळखतो त्याच्याकडं पाठवतो. आणि ओळख होते कुठं? सीएमईचं, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचं, लेक्चर साडेआठला संपतं, मग जेवण, जेवणाआधी बाकीचं, आणि खरी ओळख त्या बाकीच्यात होते. मी पावणेनऊला घरी, कारण सकाळचा डबा. असोसिएशनचा पुढचा सेक्रेटरी कोण हे पण तिथंच त्या टेबलावर ठरतं, दुसऱ्या दिवशी नुसती टाळ्यांनी मंजुरी. आम्हाला कुणी येऊ नका म्हटलेलं नसतं. आम्ही गेलो की टेबल गप्प होतं, एवढंच.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. कॅनडातल्या ओंटारिओत जवळपास चार कोटी रेफरन्स चिठ्ठ्या तपासल्या लोकांनी, १९९७ ते २०१६ पर्यंतच्या. सर्जनांमध्ये पुरुष होते ७७.५ टक्के. बाई डॉक्टरांनी पुरुष सर्जनकडं पाठवले ७९.३ टक्के, म्हणजे साधारण प्रमाणातच. पुरुष डॉक्टरांनी पाठवले ८७.१ टक्के. तिथं तर सीएमईनंतरचं मटण पण नसेल!

आणि एक गोष्ट, जी मला फार वर्षं टोचत होती. कॉलेज सोडून नवीन नवीन सुरू केलं तेव्हा आतड्याची एक केस माझ्याकडून लीक झाली, म्हणजे जोडलेल्या जागी गळती झाली. मोठ्या आतड्याचा भाग काढून जोडलं होतं, सहाव्या दिवशी ताप, पोट फुगलं, परत उघडावं लागलं, बाहेर पिशवी ठेवावी लागली, माणूस वाचला पण महिनाभर आयसीयू-वॉर्ड-आयसीयू. लीक कुणाचीही होते, कितीही चांगला सर्जन असो, जो म्हणतो माझी कधी झाली नाही त्यानं ऑपरेशनंच केलेली नाहीत. पण ज्या डॉक्टरांनी ती केस पाठवली होती त्यांनी त्यानंतर वर्षभर माझ्याकडं साधं ॲपेंडिक्ससुद्धा पाठवलं नाही. त्याच सुमारास गावातल्या दुसऱ्या एका सर्जनची, माझ्या चांगल्या मित्राची, तशीच केस लीक झाली, पाठवणारे डॉक्टर तेच. त्याला म्हणाले, अवघड केस होती, तू होतास म्हणून वाचला. त्यानंच मला सांगितलं हे, त्यालाही विचित्र वाटलं होतं. मला वाटायचं मीच मनाला लावून घेतेय. पुढं हेदर सार्सन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईचं काम वाचनात आलं, तिनं अमेरिकेतल्या मेडिकेअर ह्या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी घेऊन हेच तपासलंय, पेशंट दगावल्यावर बाई सर्जनचे रेफरन्स पुरुष सर्जनपेक्षा जास्त घसरतात, आणि वर ती एक चूक बाकीच्या बायकांच्याही खाती लागते, नवीन बाई सर्जनकडं पाठवताना लोक हात आखडतात. चांगला रिझल्ट आला तर मात्र पुरुषाचं नाव जास्त वाढतं. ते वाचून मी रात्री साडेअकराला एकटीच स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले.

ह्याचा परिणाम काय होतो बघ. अशी एक चूक महाग पडते म्हटल्यावर बाई अवघड केस घ्यायला कचरते. व्हिपल (स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन), लिव्हर, मोठे कॅन्सर दुसऱ्याकडं पाठवते, सेफ खेळते. आणि अवघड केसेस करणाऱ्यालाच लोक मोठा सर्जन म्हणतात, कॉन्फरन्सला त्याचाच व्हिडिओ दाखवतात, परीक्षक म्हणून त्यालाच बोलवतात. म्हणजे परत फिरून त्याच जागी.

हात कमी पडतो का म्हणशील तर तो प्रश्न आता बाजूला ठेवू शकतो आपण. त्याच ओंटारिओत २००७ ते २०१९ मधले साडेअकरा लाखांवर पेशंट, २५ नेहमीची ऑपरेशनं, २०२३ ला छापून आलं. ऑपरेशननंतर ९० दिवसांत मृत्यू, परत ॲडमिशन किंवा कॉम्प्लिकेशन असं काही झालेले पेशंट पुरुष सर्जनचे १३.९ टक्के, बाई सर्जनचे १२.५. स्वीडनमध्ये पित्ताशयाच्या दीड लाख ऑपरेशनांचं बघितलं, तिथं बायकांना टाइम थोडा जास्त लागला आणि गुंतागुंत कमी झाली. ह्यावरून बायका भारी असं मी म्हणत नाही, फरक बारीक आहे आणि त्यामागं शंभर कारणं असू शकतात, एक तर असंच की जी बाई एवढ्या चाळण्यांतून खाली पडली नाही ती मुळातच चिवट असणार. पण "बाईला झेपेल का" हे कुणी बोललं तर आता पुरावा त्यानं आणावा.

टाइम जास्त लागतो ह्याच्यावरून आठवलं, ओटीत घड्याळ बघून टोमणे मारणारे भूलतज्ज्ञ तुला भेटणारच. पुरुष सर्जन दोन तास लावतो तेव्हा तो बारकाईनं करतोय, तू दोन तास लावलेस की "मॅडम, पुढची केस घ्यायचीय". आणि तू आवाज चढवलास तर खडूस, नाही चढवलास तर सिस्टर पण ऐकत नाही. माझे चीफ कात्री भिरकावायचे, लोक म्हणायचे साहेब परफेक्शनिस्ट. मी एकदा चुकीचा धागा दिला म्हणून नुसतं "हे काय आहे" म्हणाले तर संध्याकाळी मेट्रनपर्यंत गेलं. ह्याच्यावर इलाज मला सापडलेला नाही, मी आवाज न चढवता हात पुढं करून थांबून राहते, बरोबर वस्तू येईपर्यंत. कधी कधी लई वेळ थांबावं लागतं.

डिपार्टमेंटमध्ये बाईला काम मिळत नाही असं नाही, उलट भरपूर मिळतं. इन्स्पेक्शनच्या फायली मॅडमकडं, कारण अक्षर चांगलं. क्वालिटीच्या फायलींची कोऑर्डिनेटर मॅडम, मुलींच्या होस्टेलची वॉर्डन मॅडम, लैंगिक छळाची तक्रार समिती मॅडम, कायद्यानं बाईच लागते तिथं. कॉन्फरन्स असली की स्टेजवर दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन मॅडम, आणि ८ मार्चला गुलाबाचं फूल. ही सगळी कामं गरजेची आहेत आणि कुणीतरी केलीच पाहिजेत, पण ती करणाऱ्याच्या हातात ना बजेट, ना भरती, ना ओटीची लिस्ट. पाच वर्षं फायली केल्यावर एक सर मला म्हणाले, तुमचं ॲडमिनिस्ट्रेशन चांगलंय पण ऑपरेटिव्ह वर्क जरा कमी दिसतंय. कधी करणार होते मी ऑपरेशनं, फायली वाळत घालताना?

नवरा-बायको दोघं सर्जन असतील तर वेगळीच तऱ्हा. आपल्या भागात जोडप्याची हॉस्पिटलं भरपूर, एक फिजिशियन एक गायनॅक, एक हाडाचे एक भूलतज्ज्ञ, ते जमतं कारण टेबलं वेगळी. दोघंही पोटाचे असले की पेशंट म्हणतो "साहेब करणार ना?" आणि मग साहेब करतात, मॅडम असिस्ट करतात, ओपीडी मॅडम चालवतात, सीएकडं मॅडम जातात, आणि दहा वर्षांनी मॅडमचा हात गेलेला असतो. मी असं दोन ठिकाणी जवळून बघितलं. माझा नवरा फिजिशियन आहे, त्यामुळं मी वाचले असं मी गमतीनं म्हणते, पण गमतीत बरंच खरं असतं.

आता माझी पण एक चूक सांगते, नाहीतर तू म्हणशील मॅडम फार धुतल्या तांदळाच्या. युनिट माझ्या हातात आलं, लिस्ट मी लावायला लागले. पहिल्या वर्षी एक रेसिडेंट होती, हुशार, पुढच्या महिन्यात लग्न. तिचं थायरॉइड ठरलेलं, पेशंट तिनंच तयार केलेला. मी आदल्या संध्याकाळी तिचं नाव खोडून दुसऱ्या मुलाचं टाकलं, मनात म्हटलं तिचं लक्ष कुठं असणार आता, आणि नंतर ती राहणार थोडीच आहे जनरल सर्जरीत. सकाळी ती काही बोलली नाही, असिस्टंटच्या जागेला उभी राहिली. हातात रिट्रॅक्टर बघून मला माझाच हायड्रोसीलचा आजोबा दिसला. मी स्वतः बाई, सगळं सोसलेली, आणि लिस्ट हातात आल्यावर माझ्याही हातनं तेच झालं. त्या दिवसापासून मी लिस्ट डोक्यानं लावणं बंद केलं, पाळी लावली. ज्यानं ॲडमिट केलं त्याची केस, बदलायची असेल तर बदलणाऱ्यानं कारण लिहायचं, लिहून. आणि सेमिनार रूमच्या फळ्यावर प्रत्येकाचे मुख्य सर्जन म्हणून किती, असिस्टंट म्हणून किती, असा तक्ता, दर महिन्याला. पहिल्या तक्त्यानंतर कुणाला काही बोलावंच लागलं नाही, सगळे फळ्याकडं बघून गप्प. मुलांनाच आधी कसंसं झालं, त्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं. एका लाजाळू मुलाचे आकडे मुलींपेक्षाही कमी निघाले, त्यालाही कुणी बघत नव्हतं.

तर तू वर जाशील का. मी खोटी आशा दाखवणार नाही, तुझ्या वेळेला माझ्यापेक्षा सोपं आहे एवढं नक्की, एमबीबीएसच्या वर्गात आता मुली भरपूर आहेत, सर्जरीच्या बॅचमध्येही मुलगी दिसली की कुणी दचकत नाही, आमच्या वेळी लेडीज चेंजिंग रूम म्हणजे सिस्टरांच्या खोलीतला एक खिळा होता. रात्रीच्या ड्यूटीला झोपायला कडी लागणारी खोली आहे का हे मात्र २०२४ ला कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून खून झाला त्यानंतरही कॉलेज बघायला जाशील तेव्हा स्वतः कडी लावून बघ. लाजू नको.

चॉइस फिलिंगच्या, म्हणजे पीजीच्या कॉलेजांची पसंती भरायच्या, आधी कॉलेजचं नाव, शहर, स्टायपेंड सगळे बघतात. तू तिथल्या थर्ड इयरच्या मुलीला फोन कर आणि एकच विचार, मुख्य सर्जन म्हणून हर्निया किती केलेस, ॲपेंडिक्स किती केलेस, रात्रीचं परफोरेशन, म्हणजे आतडं फुटलेलं पोट, कधी एकटीनं उघडलंस का. ती पटकन आकडा बोलली तर ते कॉलेज वर टाक. "असिस्ट खूप केलंय" म्हणाली तर खाली. तिथं बाई प्रोफेसर आहे की नाही ह्यापेक्षा हे जास्त कामाचं. लॉगबुक, म्हणजे आपल्या केसेसची नोंदवही, रोज रात्री लिही, महिन्याच्या शेवटी नाही, आणि चीफकडं भांडायला जाऊ नको, लॉगबुक घेऊन जा, "सर, माझे एवढेच झालेत" एवढं म्हण आणि गप्प उभी राहा. बहुतेक चीफ वाईट नसतात, त्यांनी मोजलेलं नसतं. काही वाईट असतात, तिथं दुसऱ्या युनिटच्या इमर्जन्सीला जा, रात्री केस सोडायला सगळे तयार असतात.

घरच्यांना एकदम सर्जरी म्हणून सांगू नको, आईला एकदा ओटीबाहेर बसव. माझी आई साताऱ्याहून आली होती, चार तास बाकावर बसली, पेशंटची म्हातारी बाहेर येऊन माझ्या पाया पडायला लागली ते तिनं बघितलं, त्यानंतर स्किनचा विषय घरात निघाला नाही.

आणि एक, ग्लोव्हज. तुझा हात बहुतेक सहाचा नाहीतर साडेसहाचा असणार. स्टोअरमध्ये सात, साडेसात भरपूर असतात, सहा संपलेले असतात. मोठ्या ग्लोव्हजमध्ये बोटाच्या टोकाला सुरकुती पडते, गाठ मारताना धागा सटकतो आणि लोक म्हणतात पोरीचा हात सैल आहे. लॅपचे स्टेपलरसुद्धा मोठ्या पंजासाठीच केलेले असतात, ते दोन्ही हातांनी दाबलेस तरी चालतं, मी अजून दाबते. टेबलची उंची उंच माणसाला धरून लावतात, तू मुख्य सर्जन असशील तेव्हा टेबल तुझ्या कोपराला आण, असिस्टंटला वाकू दे, आणि तू असिस्ट करत असशील तेव्हा पायाखाली लाकडी पाट माग. पहिल्याच दिवशी ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना भेट, ताई म्हण, सांगलीहून भडंग ने एक पाकीट, आणि सांग की सहा नंबरचे ग्लोव्हज माझ्यासाठी बाजूला ठेवत जा.